दिवेलागणीला घरी कोण?

संध्याकाळी सातनंतर पनवेल स्थानकात थांबणाऱ्या लोकलमधून उतरणारी माणसे चालत नाहीत, धावतात. जिन्यावर रेटारेटी होते, रिक्षाच्या रांगेत आवाज चढतात, निवडून न पाहताच मेथीची जुडी पिशवीत पडते. या धावपळीमागे बहुतेकदा एखादे लहान मूल असते. कोणाचे पाळणाघर साडेसातला बंद व्हायचे असते, कोणाचा पाच वर्षांचा मुलगा शेजारच्या काकूंकडे बसवलेला असतो, कोणाच्या घरी सासूबाईंनी दिवसभर तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन वाट पाहिलेली असते. पाळणाघरातले शेवटचे मूल दप्तर पाठीला लावून दाराशी उभे असते. बाकीच्या मुलांच्या आया येऊन गेल्या, आपली का आली नाही, हा त्याचा प्रश्न लोकल उशिरा धावत असल्याच्या उद्घोषणेने सुटत नाही.

दिवेलागणीची वेळ ही मराठी घराच्या दिनक्रमातील मध्यवर्ती वेळ होती. खेळून आलेल्या मुलांनी हातपाय धुवावेत, देवापुढे निरांजन लागावे, शुभंकरोति आणि पाढे म्हटले जावेत आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यावा, असा तो साधा क्रम. मुलाच्या मनाला जे स्थैर्य लागते ते उपदेशाने येत नाही. रोज त्याच वेळी तीच माणसे आजूबाजूला दिसण्याने ते येते. पनवेलसारख्या शहरातील हजारो घरांत आज नेमक्या याच वेळी दाराला कुलूप असते. हे कुलूप कोणाच्या हौसेने लागलेले नाही. ते का लागले आणि ते उघडण्यासाठी कोणी काय करायचे, याचा विचार कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या समाजाने गांभीर्याने करण्याची वेळ आली आहे.

पनवेल हे काही काल वसलेले गाव नव्हे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. खाडीवरचे बंदर, तळी, देवळे, कौलारू वाडे आणि भाताची बाजारपेठ ही या गावाची जुनी ओळख. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या नव्या शहराचे आराखडे कागदावर उमटले. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती भातशेतीवर उभ्या राहिल्या. १९९८ साली हार्बर मार्गावरील लोकल पनवेलपर्यंत पोहोचली आणि या परिसराचे भवितव्य निश्चित झाले. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग येथे आला. सातारा, सांगली, रत्नागिरी, जळगाव, विदर्भ, मराठवाडा अशा सर्व भागांतून आलेल्या तरुण जोडप्यांनी हप्त्यांवर घरे घेतली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका.

या वाढीत घरे मिळाली, पण नोकऱ्या बव्हंशी मुंबईतच राहिल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पनवेलपर्यंतचा लोकलचा प्रवास सुमारे ऐंशी मिनिटांचा. स्थानकापर्यंत जाणे, गाडीची वाट पाहणे, उतरल्यावर कार्यालय गाठणे हे सारे धरले तर रोजचे किमान चार तास रस्त्यावर जातात. आठ-नऊ तासांची नोकरी आणि चार तासांचा प्रवास यांची बेरीज केल्यावर लहान मुलाच्या वाट्याला जे उरते, त्यात आईबापांची दमणूकच अधिक असते. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला असल्यामुळे एकाने घरी थांबण्याचा पर्यायही बहुतेकांपुढे नसतो. ‘आईने नोकरी सोडावी’ असे सहज सुचवणाऱ्यांनी त्या घराचा महिन्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अशा घरातील दिवस कसा असतो? पहाटे पाचला कुकरची शिट्टी होते. दोन डबे मोठ्यांचे, दोन छोट्यांचे. मोठीला भेंडी आवडत नाही, धाकट्याला भेंडीशिवाय काही चालत नाही. गणवेशाचे बटण नेमके आजच तुटलेले असते. शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवते तेव्हा एक मोजा सापडत नसतो. या गोंधळात नवरा-बायकोत एखादा शब्द वर-खाली होतो आणि तो दिवसभर दोघांच्याही मनात सलत राहतो. दुपारी शाळेतून दूरध्वनी येतो की मुलाला ताप आहे, घेऊन जा. मग रजा कोणी टाकायची यावरून दोघांच्या कार्यालयांतील अडचणींची तुलना होते आणि बहुधा आईचेच काम कमी महत्त्वाचे ठरते. गावाहून आजीला बोलावले जाते. आजी येते, पण दोन महिन्यांनी तिला गावाकडच्या घराची, आजोबांच्या पथ्याची आणि शेताची ओढ लागते. सातव्या मजल्यावर तिचे कोणाशी बोलणे होत नाही. ती गेल्यावर घरातली गाडी पुन्हा रुळावरून घसरते.

आणि तरीही या घरांत आनंद आहे, हे विसरून चालणार नाही. पहिला दात पडल्यावर तो कौलावर टाकायचा असतो, पण कौल कुठे आहे, असा प्रश्न मूल विचारते आणि घरभर हशा पिकतो. रविवारी सकाळी वडाळे तळ्याच्या काठी बापाच्या खांद्यावर बसून मूल बगळे मोजते. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या वाटेवर भिजणे होते. गणपतीत सोसायटीच्या मंडपात मुलगी चार ओळी न चुकता म्हणते आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी येते. संसाराचे चढ-उतार असेच असतात. ते नाहीसे करावेत असे कोणी म्हणणार नाही. चढणीवर हात देणारा कोणी असावा, एवढीच अपेक्षा असते. तो हात आज कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरावीक उत्तर दिले जाते : एकत्र कुटुंब. व्याख्यानांतून आणि लेखांतून या व्यवस्थेचे जे गुणगान होते, त्यात तथ्य निश्चित आहे. जुन्या पनवेलच्या वाड्यात मूल कोणाच्या कडेवर आहे, याची चौकशी करावी लागत नसे. ते कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असेच. आजीची गोष्ट, काकाचा धाक, चुलतभावंडांची भांडणे यांतून माणसांत राहण्याचे शिक्षण आपोआप मिळे. परिसरातील आगरी-कोळी गावठाणांत ही वीण अजूनही पुष्कळ अंशी टिकून आहे. मात्र या व्यवस्थेचा हिशेब मांडताना तिची किंमत कोणी मोजली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती मोजली दिवसभर चुलीपुढे बसलेल्या धाकट्या सुनेने, माहेरी परतलेल्या विधवा आत्याने आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळेतून काढलेल्या थोरल्या मुलीने. ज्या व्यवस्थेचा भार न बोलणाऱ्यांच्या खांद्यावर होता, ती बोलू लागलेल्या पिढीत जशीच्या तशी परत येणार नाही आणि तशी ती येऊही नये. तिच्यातील आधार जपून तिच्यातील अन्याय टाकून देणे, हेच आजच्या काळाचे काम आहे.

महाराष्ट्रात या दिशेने विचार करणारी माणसे पूर्वीच होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले गेले. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या ध्यानात आले की आदिवासी पाड्यांवरील मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्यांनी त्या मुलींना दोष दिला नाही, त्यांच्या आयांना व्याख्यानेही दिली नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली. भावंड पाळण्यात झोपले आणि बहीण पाटीवर अक्षरे गिरवू लागली. घराची अडचण ओळखून तिच्याभोवती संस्थेची रचना करायची, हा त्यांच्या कार्याचा गाभा. अंगणातच बालवाडी भरवण्याच्या त्यांच्या प्रयोगाची आठवण १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील ‘अंगणवाडी’ या नावात आजही जिवंत आहे. आयटीचा बिल्ला गळ्यात घातलेल्या आईची आणि कोसबाडच्या मजूर आईची परिस्थिती वेगळी असली, तरी मूल कोणापाशी ठेवायचे हा दोघींचा प्रश्न एकच आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे पनवेलकरांनी फार जवळून पाहिले आहे. महानगरपालिका स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात अवघ्या दहा महिन्यांच्या बालिकेला तेथील आयाने निर्दयपणे मारहाण केली. सीसीटीव्ही कॅमेऱ्यातील ती दृश्ये देशभर दाखवली गेली आणि ती पाहून कोणत्याही माणसाचे मन गोठून जावे, अशीच होती. संताप झाला, अटक झाली, चर्चा झाल्या. परंतु त्या संतापातही एक सूर असा होता की, ‘एवढे लहान मूल पाळणाघरात ठेवायचेच कशाला?’ मारणाऱ्या हातापेक्षा ठेवणाऱ्या आईला जाब विचारण्याची ही सवय समाजाच्या प्रकृतीला शोभणारी नाही. त्या दिवशी विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळे होते. पाळणाघर कोणीही, कोठेही, कसेही उघडू शकते काय? तेथे काम करणाऱ्या स्त्रीला काही प्रशिक्षण दिले जाते काय? तिला पगार किती मिळतो आणि तिच्याकडे किती मुले सोपवलेली असतात? तपासणीला कधी कोणी जाते काय?

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला पाहण्यासाठी जाण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची ही तरतूद कायम राहिली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने पाळणाघरांसाठी किमान निकषांची मार्गदर्शिका काढली. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देण्याचे धोरण आहे. ही सारी पावले स्वागतार्हच आहेत.

मात्र पनवेलच्या फलाटावर उभे राहून या तरतुदींकडे पाहिले की त्यांतील फटी दिसू लागतात. कार्यालय दक्षिण मुंबईत असेल तर तेथील पाळणाघराचा उपयोग काय? सहा महिन्यांच्या बाळाला कवटाळून सकाळच्या हार्बर लोकलमध्ये चढण्याचे धाडस कोणती आई करील? पाळणाघर हवे ते घराजवळ किंवा स्थानकाजवळ. शिवाय पन्नासांहून कमी नोकर असलेली दुकाने, दवाखाने, छोटी कार्यालये या तरतुदीच्या बाहेर आहेत. या वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांचा तर कोणी विचारच केलेला नाही. दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या आयाचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे असते, हा प्रश्न विचारला की सुशिक्षित दिवाणखान्यात शांतता पसरते. अंगणवाडीही दिवसातील काही तासांपुरतीच असते, कामकरी आईच्या पूर्ण दिवसाला ती पुरी पडत नाही.

चांगल्या हेतूने घेतलेला निर्णयही घराच्या घड्याळाशी जुळवला नाही तर काय होते, याचे उदाहरण शाळांच्या वेळेचे आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांना झोप हवी, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. पण शाळा नऊला आणि आईवडिलांची लोकल साडेसातची असेल, तर मधला दीड तास मुलाने कोठे काढायचा? सकाळी उठवण्याची वेळ फारशी बदलतच नाही, फक्त शाळेऐवजी शेजाऱ्याकडे किंवा पाळणाघरात एक जादा थांबा वाढतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तेथे निर्णयाचा लाभ झाला; जेथे नाहीत, तेथे ओढाताण वाढली. मुलाच्या झोपेचा प्रश्न रात्री अकराला सुरू होतो, हेही मान्य करावे लागेल. बाप साडेनऊला घरी येत असेल, तर त्याला पाहण्यासाठी मूल जागणारच. त्याला झोपवणे म्हणजे त्याच्या वडिलांची भेट काढून घेणे.

येथे बापाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्या साहित्याने, भाषणांनी आणि सणावारांनी आईला मखरात बसवले आणि बापाला मोकळे सोडले. आईच्या थोरवीचे पोवाडे गाणारा पुरुष रात्री मुलाचे लंगोट बदलतो काय, हे मात्र कोणी विचारत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगी क्षेत्रातील बहुतेकांच्या नशिबी तेवढीही नसते आणि जेथे असते तेथे ती मागणाऱ्याची थट्टा होते. पाळणाघरातून मूल आणायला गेलेल्या बापाला ‘आज आई नाही का?’ असे विचारले जाते, यातच सारे आले. घरकामात ‘मदत’ करणारा नवरा असा शब्दप्रयोग जोवर रूढ आहे, तोवर काम मुळात कोणाचे मानले जाते हे उघड आहे. संस्कार आईने करायचे आणि त्यांचा अभिमान बापाने बाळगायचा, ही वाटणी न्याय्य नाही आणि मुलांच्या हिताचीही नाही. बाप भाजी चिरताना दिसला, तर मुलाला समानतेवरचे वेगळे व्याख्यान लागत नाही.

माणूस घरी नसला की त्याची जागा मोबाइल घेतो. जेवताना मूल रडू नये म्हणून पडदा समोर धरला जातो आणि काही महिन्यांत पडद्याशिवाय घास उतरत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून अधिक पडदा नको आणि त्याहून लहान मुलांना तो जवळपास नकोच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण पालकांना यावरून केवळ झोडपणे हा दांभिकपणा होय. दमलेल्या आईला अर्धा तास स्वयंपाकासाठी मोकळा मिळावा, असा दुसरा कोणता मार्ग समाजाने तिला दिला आहे? अंगण गेले, त्याच्या जागी वाहनतळ आला. शेजार गेला, त्याच्या जागी सुरक्षारक्षकाची नोंदवही आली. मग मोबाइल आला, तर दोष केवळ आईचा कसा?

तेव्हा उत्तर शोधायचे ते उपदेशाच्या पलीकडे. नव्या वसाहतींतील गृहनिर्माण सोसायट्यांची सभागृहे वर्षाचे बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. त्याच इमारतींत निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी दिवसभर करमत नाही म्हणून बसून असतात. आणि त्याच इमारतींत चार ते आठ या वेळेत मुलांना माणूस हवा असतो. या तिन्ही गोष्टी एकाच जिन्यावर राहत असूनही त्यांची गाठ पडत नाही. संध्याकाळचे दोन तास गोष्ट, खेळ, परवचा आणि गृहपाठ यांसाठी सभागृह उघडले, तर त्याला खर्च फारसा नाही, इच्छाशक्ती लागते. संस्कारवर्ग चालवणाऱ्या संस्थांनी आठवड्यातील एका तासाऐवजी रोजच्या संध्याकाळचा विचार करावा. आईबाप येईपर्यंत मूल सुरक्षित आणि हसतखेळत असणे, हाच त्या वयातील मोठा संस्कार आहे. मात्र ज्येष्ठांकडून ही सेवा घेताना पुन्हा घरातील आजीलाच फुकट राबवायचे, असे होता कामा नये. ज्याला हौस आहे त्याने करावे, ज्याने केले त्याला मान आणि यथाशक्ती मोबदला मिळावा.

महानगरपालिकेचे कर्तव्य याहून मोठे आहे. प्रत्येक प्रभागात नोंदणीकृत आणि नियमित तपासणी होणारे पाळणाघर असावे, स्थानकांलगत रात्री आठ-साडेआठपर्यंत चालणारी पाळणाघरे असावीत, तेथील सेविकांना प्रशिक्षण आणि सन्मानाचे वेतन मिळावे. सिडकोच्या वसाहतींतील भूखंडांवर वाणिज्य संकुलांना जागा सापडते, तशी पाळण्यांनाही सापडली पाहिजे. हा विषय आता लांबणीवर टाकण्यासारखा नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या परिसराला घराजवळ रोजगार मिळण्याची ही मोठी संधी आहे. ऐंशी मिनिटांचा प्रवास वीस मिनिटांवर आला, तर कित्येक घरांत दिवेलागणीला माणूस दिसेल. पण विमानतळ, गोदामे, उपाहारगृहे यांचे काम दहा ते पाच या वेळेत बसत नाही, ते पाळ्यांत चालते. रात्रपाळीला जाणाऱ्या आईच्या मुलाचे काय, याचे उत्तर धावपट्टीइतक्याच काळजीने आखले नाही, तर प्रवास वाचेल आणि झोप जाईल.

राष्ट्र घरातून घडते, हे वाक्य आपल्याकडे फार वेळा उच्चारले जाते. त्याचा अर्थ एवढाच की, ज्या घरात दोन दमलेली माणसे दोन लहान मुलांना वाढवत आहेत, त्या घराचा भार ही त्या घराची खाजगी बाब नाही. कुटुंबसंस्था टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ती मोडत असल्याची हळहळ व्यक्त करण्याआधी आपल्या जिन्यावरचे एक दार ठोठवावे आणि ‘मुलांना संध्याकाळी आमच्याकडे पाठवा’ एवढे म्हणावे. उद्या संध्याकाळी साडेसातला कोठेतरी एखादे मूल दप्तर पाठीला लावून दाराकडे पाहत असेल. त्याची आई अजून मानसरोवर स्थानकाच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये असेल. तिला येईपर्यंत त्या मुलाजवळ कोणीतरी आपले माणूस बसलेले असावे, याची तजवीज करणे कोणत्याही समाजाच्या आवाक्याबाहेरचे नाही.